बेनी गुडमन, कार्नेगी हॉल, १९३८: आवाज वाढवूनच ऐका

अमेरिकन जॅझ बँडवाल्या बेनी गुडमनच्या कार्नेगी हॉल कॉन्सर्टचा दोन सीडींचा सेट आहे ना, कोलंबिया कंपनीने १९९९ मध्ये काढलेला, पूर्ण कॉन्सर्टवाला, त्याच्याबद्दल लिहितोय. जॅझ म्हणजे अंधाऱ्या खोलीत कपाळाला आठ्या घालून ऐकायचं काहीतरी, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनी तर हे ऐकाच. हे नाचायचं म्युझिक आहे. स्विंग. चौदा माणसं स्टेजवर, तीन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, चार सॅक्सोफोन, पियानो, गिटार, बास, ड्रम्स आणि पुढे क्लॅरिनेट घेऊन गुडमन, आणि हे सगळे एकदम सुरू झाले की कानाच्या आधी पायाला कळतं. मी देवळात भजनाला तबला वाजवणारा माणूस, गोव्यातल्या फोंड्याकडचा, पाश्चात्य नोटेशन मला वाचता येत नाही, पण लय कळते आणि या सीडीत लयीचं जे काम आहे त्याच्यावर मी अक्षरशः फिदा आहे.

थोडी माहिती देतो कारण ती माहीत असली की ऐकण्यात फरक पडतो. स्विंगची लाट अमेरिकेत उठली ती साधारण १९३५ च्या ऑगस्टपासून, लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये २१ तारखेला याच गुडमनच्या बँडवर पोरं वेडी झाली तिथपासून धरतात. मग १६ जानेवारी १९३८ ला हा नाचाचा बँड न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, म्हणजे जिथे सिंफनीवाले वाजवायचे आणि लोक खोकला दाबून बसायचे तिथे गेला. हॉल फुल्ल, इतका की काही लोकांना खुर्च्या टाकून स्टेजवरच बसवलं. रेकॉर्डिंग विकण्यासाठी केलेलंच नव्हतं. अल्बर्ट मार्क्स म्हणून एक जण होता, त्याची बायको हेलन वॉर्ड आधी गुडमनच्या बँडमध्ये गायची, तिला भेट द्यायला म्हणून त्याने हे रेकॉर्ड करायची व्यवस्था केली. स्टेजच्या वर टांगलेला एक मायक्रोफोन, तिथून टेलिफोनच्या तारेने आवाज स्टुडिओत, आणि तिथे डिस्कवर कोरला जात होता. गुडमनकडची प्रत घरातल्या कपाटात पडून राहिली ती थेट १९५० पर्यंत, तेव्हा कुठे तिची दोन एलपींची जोडी निघाली आणि जगाला कळलं की त्या रात्री काय झालं होतं.

आता ही १९९९ वाली सीडी वेगळी का, तर फिल शाप नावाच्या जॅझच्या अभ्यासकाने मूळ डिस्कवरून आवाज परत उतरवला आणि खरखर काढून टाकली नाही. हो, राहू दिली. पहिल्यांदा लावलीत की मोहरी तडतडल्यासारखा आवाज सुरू होईल आणि तुम्हाला वाटेल सीडी खराब आहे. नाहीये. खरखर जिथे राहते त्याच वरच्या पट्टीत झांजांची चमक असते, ट्रम्पेटची धार असते, आणि खरखर गाळायला गेलं की ती पण गळते, मग ड्रमर टॉवेल टाकून वाजवतोय असं वाटायला लागतं. मी दोन्ही प्रकार ऐकलेत. साफ केलेल्यात कानाला त्रास नाही हे खरं, पण हॉल मेलेला. इथे माणसं श्वास घेतायत, खुर्च्या करकरतायत, टाळ्या कुठल्या बाजूने सुरू झाल्या ते कळतं. आणि आता आमच्याकडे पावसाची झड लागलीय, त्याच्यात तर खरखर कुठली आणि पन्हाळीतून पडणारं पाणी कुठलं याचा पत्ताच लागत नाही, पाच मिनिटांनी कान आपोआप आत शिरतो.

पहिली रचना 'डोन्ट बी दॅट वे'. सुरुवातीला बँड अंग चोरून वाजवतोय हे स्पष्ट ऐकू येतं, सगळं बरोबर आहे पण कुणी मोकळं झालेलं नाही, एवढा मोठा हॉल, समोर सूटबूटवाले. आणि मग ड्रमर जीन क्रुपा. मधल्या रिकाम्या जागेत हा माणूस जे काही हाताखाली होतं ते सगळं एकदम बडवतो, ड्रम, झांजा, सगळं, क्षणभराचा प्रकार आहे, आणि पब्लिक ओरडतं, आणि त्याच्या पुढच्या मात्रेपासून तोच बँड वेगळा वाजायला लागतो. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा, आवाज रुंद होतो. साथीदाराने मुख्य गायकाला हलवून जागं करणं म्हणजे काय ते ज्यांनी मैफलीत पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल, आणि मला तर ती जागा कितीही वेळा ऐकली तरी हसू येतं, आनंदाचं.

लयीचं सांगतो. चार मात्रा आहेत, साध्या. पण प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन भाग धरा, तिश्र जातीसारखे, आणि मधला गाळा. धा-न, धा-न, पहिला लांब, दुसरा आखूड. हा झाला स्विंगचा झोका. लय संथ असली की हा झोका मोठा असतो, लय चढत गेली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे व्हायला लागतात, आणि चांगल्या बँडची गंमत हीच की चौदाच्या चौदा जण तो फरक एकसारखा करतात, कुणी न सांगता. खाली बास चारही मात्रांवर चालत राहतो, (वाजवतोय हॅरी गुडमन, बेनीचा भाऊ), गिटार चारही मात्रांवर छाटून कॉर्ड (काही सूर एकदम) देते, आणि झांजांची जोडी दोन आणि चारवर मिटते, च्याक. आपला हात भजनात समेवर पडतो. इथे टाळी दोन आणि चारवर द्या, एक मिनिटभर फक्त टाळी देऊन बघा, शरीर पुढे ढकललं जातं, सम येण्याआधीच तुम्ही तिच्याकडे निघालेले असता. 'वन ओ'क्लॉक जंप' वर करून बघा हा प्रयोग. ही मूळची काउंट बेसीची, म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या बँडवाल्याची रचना, आणि त्या रात्री बेसी स्वतः पण तिथे हजर होता.

ब्रास आणि सॅक्सचं जे चालतं ते सरळ सरळ सवाल-जवाब आहे. सॅक्सवाले एक छोटा तुकडा धरतात आणि तोच तोच वाजवत राहतात, ट्रम्पेट वरून उत्तर देतात, परत तोच तुकडा, परत उत्तर, प्रत्येक आवर्तनाला अर्धा घास जास्त जोर. एका ठिकाणी आपसूक पोट आत ओढलं जातं कारण आता काहीतरी फुटणार हे कळलेलं असतं. आणि मग तीन ट्रम्पेट एकत्र वर जातात, हॅरी जेम्स, झिगी एल्मन आणि ख्रिस ग्रिफिन. तो आवाज मला छातीच्या हाडावर लागतो, कानात नाही. पितळेचा आवाज. उजेड असतो त्याला.

आमच्या शेजारचे अंकल आयुष्यभर फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आले, त्यांना एक दिवस मुद्दाम बोलावून ऐकवलं. चहा तसाच राहिला. अंकल खुर्चीच्या टोकाला येऊन बसले आणि हॅरी जेम्सच्या प्रत्येक वरच्या सुराला त्यांचेच ओठ आवळले जात होते, गालाचा स्नायू हलत होता, मी सीडी सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो. मग म्हणाले, "लिप बघ रे बाबा त्याचं, लिप. दोन तास झाले असतील त्यांना वाजवून, अजून लिप गेलं नाही कुणाचं." ब्रास वाजवणाऱ्याचे ओठ थकले की सूर खाली यायला लागतो, फुटतो, आणि इथे कॉन्सर्टच्या शेवटी शेवटी पण ट्रम्पेटचा सूर खिळा ठोकल्यासारखा जागेवर. हे मला त्यांनी दाखवल्याशिवाय कधीच ऐकू आलं नसतं. जाताना म्हणाले, परत लावशील तेव्हा हाक मार.

आणि गोव्याच्या माणसाला हे ऐकताना एक वेगळंच वाटतं. हे संगीत ऐकायला उत्स्फूर्त वाटलं तरी बहुतेक भाग कागदावर लिहिलेला असतो, कुणी कुठे थांबायचं, कुणी कुठला सूर धरायचा, गुडमनचा बराचसा आवाज तर फ्लेचर हेंडरसन या अरेंजरच्या लेखणीतून आलाय. म्हणजे वाजवणाऱ्याला नोटेशन सरसर वाचता आलं पाहिजे. आणि आपल्या गावागावात चर्चच्या शाळेत मेस्त (संगीताचे मास्तर) पोरांना नेमकं हेच शिकवत होते, सोल्फेज (डो-रे-मी म्हणत सूर वाचणं), व्हायोलिन, वाचून वाजवणं. म्हणून १९३५ मध्ये अमेरिकेतल्या लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्या मागून टेडी वेदरफर्ड वगैरे मंडळी आली, तेव्हा हे नवीन संगीत पटकन उचलायला गोव्याची पोरं तिथे तयारच होती. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणून ओळखतात, त्याला तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि आपल्या सी. रामचंद्रांनी, म्हणजे पुणतांब्याच्या चितळकरांनी, याच माणसाला हाताशी धरून हिंदी सिनेमात ब्रास आणला, १९५१ चा 'अलबेला' परत ऐका, त्यातली ट्रम्पेटची वळणं आणि या सीडीतली वळणं कानाला सख्खी लागतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, सिनेसंगीतातली ही सगळी आमच्या आजूबाजूची माणसं. आमच्या हिंदू घरांत नाट्यसंगीत आणि भजन, ख्रिश्चन घरांत मांडो (कोंकणी गाण्याचा प्रकार) आणि जॅझ, असं दोन वेगळ्या कप्प्यांत टाकायची सवय आहे आपल्याला, पण मुंबईच्या स्टुडिओत हे लोक एकाच गाण्यावर काम करत होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बरं, सगळंच भारी आहे असं नाही. पहिल्या सीडीत मध्येच 'जॅझची वीस वर्षं' म्हणून एक भाग आहे, जुन्या लोकांच्या शैलीत एकेक तुकडा, तो मला शाळेच्या गॅदरिंगमधल्या झांकीसारखा वाटतो, एकदा ऐका आणि पुढे जा. फक्त त्यातलं 'ब्लू रेव्हरी' सोडू नका. ड्यूक एलिंग्टन, आणखी एक मोठा बँडवाला, स्वतः वाजवायला नव्हता आला पण त्याचे तीन जण आलेत, जॉनी हॉजेस, हॅरी कार्नी आणि कूटी विल्यम्स. कूटी ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी प्लंजर, तेच बाथरूममध्ये तुंबलेलं पाणी काढायचं असतं ते, दांडा नसलेलं, उघडझाप करतो आणि घशातून गुरगुरतो, आणि पितळेच्या नळीतून माणूस बोलल्याचा भास होतो. कान टवकारतात.

'हनीसकल रोझ'चा मोठा जॅम, म्हणजे सगळ्यांनी मिळून आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं, तो पण लांबलाय. बेसीची माणसं, एलिंग्टनची माणसं, गुडमनची माणसं, सगळे पाळीपाळीने, आणि सगळ्यांना सारखंच सुचतं असं नाही. लेस्टर यंगचा टेनर सॅक्स मात्र काय सांगू, बाकीचे जोर लावतायत आणि हा आपला हलक्या हाताने, मात्रेच्या किंचित मागे राहून, घाई म्हणून नाही. तेवढ्यासाठी तरी ऐका. बाकी एका मायक्रोफोनमुळे होतं काय की मायक्रोफोनजवळचा तो राजा आणि लांबचा तो गायब, बास काही ठिकाणी नुसता जाणवतो, ऐकू येत नाही, आणि पियानो कधी समोर तर कधी शेजारच्या खोलीत. याचा मला थोडा त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

चौकडी आली की सगळं हलकं होतं. गुडमन, पियानोवर टेडी विल्सन, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायचं वाद्य) लायनेल हॅम्प्टन, ड्रम्सवर क्रुपा. चारच माणसं, दोन गोरी दोन काळी, आणि त्या काळच्या अमेरिकेत असं एका स्टेजवर बसून वाजवणं ही साधी गोष्ट नव्हती, बहुतेक ठिकाणी चालायचं नाही. पण ऐकताना तुम्हाला त्यांची मस्तीच ऐकू येते. 'ॲव्हलॉन' लावा, व्हायब्राफोनचे धातूचे थेंब आणि क्लॅरिनेटचं लाकूड एकमेकांच्या अंगावरून पळतायत, क्रुपा ब्रश घासतोय, आणि हॅम्प्टन वाजवता वाजवता तोंडाने काहीतरी पुटपुटतोय ते पण पकडलंय मायक्रोफोनने. 'डिझी स्पेल्स' तर इतकं सुसाट आहे की माझ्या बोटांना मांडीवर ठेका पण धरता येत नाही. मार्था टिल्टनची गाणी गोड आहेत, 'बाय मिर बिस्ट डू शेन' मध्ये झिगी एल्मन एकदम ज्यू लग्नातल्या बँडसारखा ट्रम्पेट सोडतो तो तुकडा मस्त, बाकी ठीक.

आता मुख्य. 'सिंग, सिंग, सिंग'. बारा मिनिटं. लुई प्रिमाचं गाणं, पण इथे त्याचे शब्द वगैरे काही उरलेले नाहीत, इथे फक्त क्रुपाचे टॉम, म्हणजे खोल आवाजाचे ड्रम आहेत. हा माणूस टॉमची दोन्ही तोंडं सुरात लावता येतील असे ड्रम कंपनीकडून बनवून घेणारा, तबल्याचे गट्टे ठोकत बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा जीव कुठे आहे ते लगेच कळतं. सुरुवात एकट्या टॉमने. खोल, कोरडा, चामड्याचा आवाज, आणि त्यात तो झोका. चवथीला आमच्याकडे घुमट, शामेळ (दोन्ही चामडं लावलेली वाद्यं) आणि कासाळं (झांजा) घेऊन आरती चढायला लागते आणि एका क्षणी देवघरातले सगळे लोक एकच अंग होतात, त्या जागेच्या फार जवळ जातं हे. ब्रास येतो आणि जातो, ट्रॉम्बोन खालून गुरकावतात, सोलो होतात, पण टॉम थांबत नाहीत, आणि प्रत्येक वेळी सगळे गप्प होऊन एकटा क्रुपा उरला की हॉलमधून लोकांचं ओरडणं ऐकू येतं. १९३८ च्या जानेवारीतली ती पोरं, आवाज ताजा. माझ्या हातावर काटा येतो तो इथे, गळ्याच्या मागे गरम होतं, आणि श्वास मी टॉमच्या चालीने घ्यायला लागलोय हे मला नंतर कळतं.

मग गुडमन वरच्या सुरांत जातो, हळूहळू आवाज काढून घेतो, सगळ्यांना वाटतं संपलं. आणि पियानोवाला जेस स्टेसी, जो रात्रभर मागे बसून साथ करत होता, त्याला गुडमन खूण करतो. ठरलेलं नव्हतं. मागे क्रुपाची लय चालू आहे, आणि हा गडी चर्चमध्ये वाजवल्यासारखं, शांत, स्वतःशी विचार करत साधारण दोन मिनिटं वाजवतो. लोक एकदम चूप. एवढ्या धुमाकुळात हे सुचणं आणि बाकी तेरा जणांनी त्याला जागा देणं. चांगला साथीदार म्हणजे काय ते शिकायचं तर ही दोन मिनिटं पोरांना ऐकवा, मी आमच्या भजनातल्या पोरांना ऐकवलीत. त्याच्यानंतर शेवटचा भडका उडतो आणि टाळ्या. क्रुपा पुढच्या दोन महिन्यांत बँड सोडून गेला, त्यामुळे ही टोळी अशी एकत्र फार दिवस टिकली नाही.

ऐकायचं कसं ते पण सांगतो. इअरफोनवर नको. हॉलचा आवाज डोक्याच्या मधोमध कोंबल्यासारखा होतो, आणि रेकॉर्डिंग मोनो आहे त्यामुळे डावं-उजवं असं काही मिळणार पण नाही. स्पीकर लावा, भिंतीपासून दोन हात पुढे, आणि आवाज नेहमीपेक्षा चांगला वर. आमच्यासारखं चिऱ्याचं घर आणि खाली लादी असेल तर ट्रम्पेट बोचतात, समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टाकली की एकदम सरळ होतात. आणि बसून ऐकू नका, निदान दुसरी सीडी तरी उभ्याने ऐका. आमची वहिनी स्वयंपाकघरातून येऊन विचारते हे काय चाललंय, आणि दोन मिनिटांनी तिचा पण पाय चालू.

सेट मी ऑनलाइन मागवला, विक्रेत्याने पॅकिंग अगदी रद्दी केलं होतं, वरची केस तडकलेली आली, सीडी सुदैवाने धडधाकट. ऐन पावसात मागवणार असाल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यायला सांगा आणि घरात आल्यावर बुकलेट कोरड्या जागी ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो जॅमच्या लांबीसाठी आणि गायब होणाऱ्या बाससाठी. सीडी प्लेअर नसेल तर ॲपवर शोधा पण 'कम्प्लीट' लिहिलेलंच लावा, कारण जुन्या एलपीवर सगळ्या रचना नव्हत्या, आणि क्रम बदलू नका, शफल तर अजिबात नको. बँड तापत जातो तो क्रमानेच. पूर्ण वेळ नसेल तर पहिल्या सीडीवरच्या पहिल्या रचनेतला क्रुपाचा तो तुकडा ऐका, मग थेट 'सिंग, सिंग, सिंग' आणि सगळ्यात शेवटचं 'बिग जॉन्स स्पेशल', जिथे सगळे दमलेले असूनही हसत हसत वाजवतायत.